रुळाचा जावई

त्या उन्हाळ्यात पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या अंगाला, एक बाई रेल्वेच्या रुळाला मलम चोळत बसते अशी बातमी सगळीकडं झाली होती. कुणी म्हणे करणी करते. कुणी म्हणे सरकारनं रुळांसाठी फिरता दवाखाना काढलाय. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानं गुडघ्याला लावायला माझ्याकडून बोटभर मलम मागून नेलं, आणि तिसऱ्या दिवशी तो देवगिरी किल्ल्यावर पळत जाऊन पळत खाली आला. पळत म्हणजे चालत. किल्ल्यावर म्हणजे किल्ल्याच्या बाजूच्या टेकाडावर. पण आला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ती बाई मीच.

काम काय ते थोडक्यात सांगते. थोडक्यात सांगणं हे मला जन्मात जमलेलं नाही, पण बघू. पूर्वी रूळ तुकड्यातुकड्यांचे असायचे, दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट, म्हणून गाडी खडखड करत जायची. आता रूळ एकाला एक वितळवून जोडतात, मैलोन्मैल फट नाही. प्रवासी सुखानं घोरतो, पंचाईत होते ती लोखंडाची. उन्हात त्याला लांब व्हायचं असतं आणि जागा नसते, मग ते आतल्या आत दाबलं जातं. थंडीत आखडायचं असतं, तेही जमत नाही, मग आतल्या आत ओढलं जातं. बाहेरून बघाल तर दोन्ही वेळी रुळाचं तोंड सारखंच. नव्या सुनेसारखं, आत काय चाललंय त्याचा पत्ता लागू देत नाही. आणि दाब हाताबाहेर गेला तर एखाद्या दुपारी रूळ बाजूला फुगतो. त्या वेळी वर गाडी नसावी.

हा आतला दाब आम्ही आवाजानं मोजतो. माणसाला ऐकू येत नाही, कुत्र्याला येत नाही, आणि चार घरं पलीकडचं कुजबुजलेलं ऐकणाऱ्या माझ्या आत्यालाही येत नाही, इतका बारीक आवाज. मशीनचं एक टोक तो रुळात सोडतं, वीतभर पुढचं टोक पकडतं. टोक आणि लोखंड यांच्यामध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही, म्हणून ते मलम. रूळ दाबलेला असेल तर आवाज जरा लवकर पोचतो, ओढलेला असेल तर जरा उशिरा. जरा म्हणजे किती? लोखंडातून आवाज असा पळतो की तुम्ही इथं जांभईला तोंड उघडलं तर मिटायच्या आत तो पैठणला पोचलेला असतो. जांभई मात्र जेवणानंतरची, लांब पाहिजे. अशा पळणाऱ्याला वीतभर अंतरात किती उशीर झाला, ते सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शात मोजायचं.

गोम पुढं आहे. लोखंड नुसतं तापलं तरी आवाज मंदावतो. म्हणजे आवाज उशिरा आला तो रूळ ओढलाय म्हणून की तापलाय म्हणून, हे मशीनला सांगता येत नाही. त्यासाठी बरोबर एक तुकडा न्यावा लागतो. त्याच जातीच्या रुळाचा, हातभर लांब, दोन्ही टोकांनी मोकळा, त्याला ना दाब ना ओढ. तो रुळाशेजारी ठेवून रुळाइतकाच तापू द्यायचा. मग आधी तुकड्यातून आवाज सोडायचा, नंतर रुळातून. दोघं सारखेच तापलेले, त्यामुळं दोघांमध्ये जो फरक येईल तो ताणाचा. सगळा डोलारा त्या तुकड्यावर उभा.

मशीन आमच्या वाळूजच्या लहानशा कारखान्यानं बनवलं होतं. मालक धरून आम्ही पाच माणसं. त्याआधी मी वैजापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे काटे दुरुस्त करायची. रोज दहा व्यापारी काटा जड दाखवतो म्हणून भांडायचे आणि दहा शेतकरी काटा हलका दाखवतो म्हणून, आणि काटा एकच. ते सोडून मी दोन वर्षं या मशीनमागं लागले होते. सांगताना मी बारा सांगते, पण दोनच. आता रेल्वेकडून तीन दिवसांची चाचणी मिळाली होती. शेवटच्या दिवशी रेल्वेचे मोठे साहेब येणार. मशीननं सांगायचं की रूळ मोकळा केला तर किती मिलिमीटर सरकेल. मग रुळाची देखभाल करणाऱ्या गँगनं रूळ कापून खरंच मोकळा करायचा आणि साहेबांनी पट्टीनं मोजायचं. जुळलं तर मशीन कामाला लागणार. नाही जुळलं तर काय, ते मालकानं निघतानाच सांगितलं होतं.

"मशीन कपाटात आणि तू परत कांद्यावर."

मला कांद्यावर जायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी रुळावर पोचले तेव्हा गँग हजर होती. गँगचे मुकादम पैठणकडचे, घरी ऊस, मोसंबी, विहीर, सगळं बक्कळ, पण रुळावर चालल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणायला लागले. मी रुळावर मलम लावलं, वर मशीनचं टोक टेकवलं आणि पडद्याकडं बघत बसले. मामा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, एक इचारू?"

"विचारा ना मामा."

"रुळाला कितवा महिना चाललाय?"

गँग खडीवर लोळायची बाकी राहिली. मी पण मान वर न करता म्हटलं, "सगळं ठीक आहे, नाडी चांगली आहे. फक्त मुलगा का मुलगी ते विचारू नका, कायद्यानं बंदी आहे." तेव्हापासून आमचं जमलं.

तुकडा उचलायला मामांनी दोघं दिले होते. एक आमच्यासारख्याच मेंढरं राखणाऱ्या घरातला, बाभळीसारखा उंच आणि तेवढाच काटक. दुसरा शहरातला, गोल, गुबगुबीत, बोलण्यात निम्मी दखनी. तुकड्याचं वजन तीस किलो. मी कुणाला सांगायचं झालं तर दीड क्विंटल सांगते. गाडी यायच्या वेळी तो रुळाजवळून उचलून बाजूला न्यायचा, गाडी गेली की परत आणायचा, एवढंच त्यांचं काम. पण पहिल्याच खेपेला त्यांनी तो खडीवर धाडकन सोडला.

इथं मी चुकले, ते सांगून टाकते. नुसतं "सांभाळून ठेवा" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण माझ्या वडिलांकडं चाळीस मेंढरं होती. बोलताना ती चारशे व्हायची, आणि लांडगा दिसल्याचं सांगताना हजार. ते रक्त माझ्यात आहे. मी त्या दोघांना खाली बसवलं आणि म्हणाले, "बाबांनो, हे साधं लोखंड समजू नका. याला सात दिवस सात रात्री भट्टीत शेकलाय, सात दिवस राखेत निजवलाय. याच्या अंगावर कसलाही ताण नाही. सबंध जिल्ह्यात बिनताणाचं असं हे एकच आहे. याला राग आला तर तीन महिने आकडा देत नाही. याचा मान ठेवा, याला त्रास होईल असं काही करू नका."

उंच गडी विचारात पडला. "म्हंजी हा काम काय करत नाय."

"नाही."

"वझं कुनाचं घेत नाय."

"नाही."

"आन आपन याला उचलून उचलून फिरवायचं, रुसला तर समजूत काढायची."

"अगदी बरोबर."

"मग हा जावईच की."

"दामादच है ये तो," गुबगुबीत म्हणाला. "मेरी सासरवाडी में मेरेकू कब्बी ऐसा उठाए नै."

झालं. तुकड्याचं नाव जावई पडलं. त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. घरोघरी जावयांना बोलावून धोंडे खायला घालणं चाललं होतं. त्यामुळं दुसऱ्या दिवशी मुकादमांच्या बायकोनं डब्यात गँगसाठी पुरणाचे धोंडे पाठवले, वर तूप, आणि वेगळ्या पुडीत तेहतीस बत्तासे. पुडी खास तुकड्यासाठी. गँगनं लोखंडाला कुंकू लावलं, तेहतीस बत्तासे पुढं ठेवले आणि त्याच्या वतीनं खाऊन टाकले. मी धोंडे तीन खाल्ले. लोक म्हणतात सहा. फोटोही मीच काढला. हसून हसून माझे डोळे गळत होते. यात काही वावगं होतंय असं वाटावं एवढी अक्कल तिथं कुणालाच नव्हती, त्यात इंजिनिअर मी एकटी.

आता ऊन. पहिल्या दिवशी आम्ही उघड्या माळावर होतो, बोटभर सावली नाही, आणि मशीनचे आकडे सोन्यासारखे आले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पुढं सरकलो, तिथं रुळापासून पंधरा-वीस पावलांवर एक मोठा लिंब होता. ऊन असं की एक सरडा माझ्या सावलीत येऊन बसला आणि मी जरा हलले तर माझ्याकडं रागानं बघायला लागला. दुपारी बारानंतर मी जावयातून आवाज सोडला, आकडा घेतला. रुळातून सोडला, आकडा घेतला. मशीननं दोन्हींचा हिशेब जमवला आणि पडद्यावर उत्तर दिलं: रूळ ओढला गेलाय.

दाबला नाही. ओढला. पौषातल्या पहाटे जसा ओढला जातो तसा.

रुळावर त्या वेळी हात ठेवला तर कातडं चिकटून राहावं अशी स्थिती. मी मशीन बंद करून चालू केलं. वायरी काढून घातल्या. मलम पुसून नवं लावलं. उत्तर तेच. मामा आले.

"काय म्हनतोय रूळ?"

"मशीनला जरा ऊन लागलंय मामा," मी म्हटलं. खोटं सांगायला मला कधी विचार करावा लागत नाही, पण ते बोलताना जीभ जड झाली.

संध्याकाळी कारखान्यात जाऊन मशीनचा नट न् नट तपासला. तिथल्या लोखंडावर मशीन शहाण्यासारखं चालत होतं. जावई मात्र तिथं नव्हता, तो रुळाजवळ गँगच्या खोलीत कुलपात मुक्कामाला. त्यामुळं त्याच्यावर संशय घ्यायचं डोक्यातही आलं नाही. आईनं विचारलं, जेवत का नाहीस. धोंडे जास्त झाले, म्हणाले. आईला ते खरं वाटलं, यावरून माझी ख्याती समजा.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक शब्द तोलून घेणारे. मी आधल्या आठवड्यात त्यांना फोनवर सांगून बसले होते की आमचं मशीन मुंगीच्या काळजाचे ठोके ऐकतं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काळ्या मुंगीचे की लाल?" मी हसले. ते हसले नाहीत.

दीड वाजता दोन तासांसाठी गाड्या थांबणार होत्या, त्यातच रूळ कापून मोकळा करायचा. त्याआधी माझा आकडा कागदावर त्यांच्या हातात पाहिजे. साडेअकराला मी जावई मागवला. दोघांनी तो झुलवत आणला, रुळाशेजारी ठेवला, फडक्यानं पुसला. मी आवाज सोडला. मग रुळात सोडला. पडद्यावर पुन्हा तेच.

साहेबांनी वाकून पाहिलं. "तुमचं मशीन म्हणतंय की रूळ ओढला गेलाय."

"हो."

"आत्ता. या उन्हात."

"हो."

"म्हणजे रुळाला थंडी वाजते आहे."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी वही काढली, पेन काढलं, टोपण काढलं. प्रत्येक गोष्ट सावकाश. मला तेवढ्यात कांद्याचा वास आला, खरोखर आला.

एक वाट होती, आणि ती मला लगेच दिसली होती. रूळ बसवताना किती गरम होता आणि आत्ता किती गरम आहे, यावरून वहीवर गणित मांडून आकडा काढता येतो. मशीन नसलं तरी येतो. तो सोळा मिलिमीटर येत होता. मी म्हणू शकले असते, साहेब, पडदा बिघडलाय, पण आतला आकडा सोळा आहे. कोण बघायला येणार होतं? इतकी वर्षं मी थापा मारल्या त्या उगाच, गंमत म्हणून. पहिल्यांदाच एक थाप उपयोगाची होती आणि ती तोंडाशी आलेली होती.

जरा टेकावं म्हणून मी मागं न बघता खाली बसले. बसले ती जावयावर.

आणि बसून राहिले. साहेब लिहीत होते, मामा डोक्यावरचं उपरणं सारखं करत होते, आणि मी विचार करत होते की सोळा म्हणावं की न म्हणावं. बसायला बरं वाटत होतं. छान गार वाटत होतं. मग ते माझ्या लक्षात आलं. खडीवर चप्पल वितळावी असल्या उन्हात मी लोखंडावर बसले होते आणि मला गार वाटत होतं. मी उठले, हाताचा पंजा जावयावर ठेवला. माठासारखा.

"हा गार का आहे?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"तुमीच म्हनला ना, मान ठेवा म्हून," उंच गडी म्हणाला. "गाडी आली का आमी ह्याला लिंबाखाली नेतो. सावलीत. वर वला पंचा टाकतो."

"कल से," गुबगुबीत म्हणाला. "गर्मी लई है, मॅडम. पंचा सूख गया तो फिर भिगाते. धोंडे के महिने में दामाद को धूप में रखते क्या?"

मामांनी कपाळावर हात मारला. "आरं, मान करा म्हनलं तर त्याला आंघोळ घातली व्हय रं?"

मला एकदम सगळा हिशेब दिसला. तुकडा सावलीत गार, रूळ उन्हात तापलेला. गार तुकड्यातून आवाज भरभर गेला. तापलेल्या रुळातून सावकाश. दोघं सारखेच तापलेत असं मशीन धरून चाललं होतं, कारण मीच त्याला तसं सांगितलं होतं. मी थर्मामीटर रुळाला लावला होता. जावयाला लावायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या दोघांनी लोखंडाची जी बडदास्त ठेवली, ती मीच मारलेल्या थापेपायी ठेवली होती.

"साहेब," मी म्हटलं, "मशीन बरोबर आहे. तुकडा गार होता. चूक माझी."

एवढंच निघालं.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काल म्हणे मशीनला ऊन लागलं होतं."

"काल मी खोटं सांगितलं. मला कारण माहीत नव्हतं."

"आणि मुंगी?"

"तेही खोटं."

"मग आत्ताचं खरं कशावरून?"

मी इतका काळ शब्द असे उधळले होते की कामाच्या वेळी एकही उरला नव्हता. मग मामा पुढं आले. उपरणं खांद्यावर घेतलं आणि गावच्या बैठकीत बोलावं तसं बोलले.

"साहेब, ही बाई लई थापा मारती. दोन दिसांत हिनं आमाला इतकं सांगितलं का कान भरून वाहायला लागले. पन थाप मारनारं मानूस मोठेपना सांगतं. चूक माझी म्हून कुनी थाप मारत नाय. घंटाभर द्या तिला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पेनाला टोपण लावलं. "दीडच्या आधी कागद माझ्या हातात पाहिजे. एक मिनिट उशीर चालणार नाही."

मग त्या तासाभरात जावयाचे जे हाल झाले ते कोणत्या सासरवाडीत झाले नसतील. पंचा गेला, सावली गेली. त्याला रुळाला चिकटून तापलेल्या खडीवर झोपवला. एका अंगानं तापला की दोघं त्याला भाकरीसारखा उलटायचे, चटके बसत होते म्हणून हातांना गोणपाट गुंडाळून. या वेळी एक थर्मामीटर रुळाला आणि एक जावयाला. मी दोन्हींवर डोळे लावून उकिडवी बसले. रूळ पुढं, जावई मागं. मामा अधूनमधून यायचे आणि विचारायचे, "आला का वाटंवर?" साहेब लिंबाखाली उभे होते, एकटे, हात मागं बांधून. सव्वा वाजला तेव्हा दोन्ही आकडे एक झाले. वाट पाहणं मी फुगवून सांगत नाही, कारण ते होतं तेवढंच पुष्कळ लांब होतं.

मलम लावलं. जावयातून आवाज सोडला. रुळातून सोडला. उत्तर आलं: रूळ दाबलेला आहे. मोकळा केला तर शंभर पावलांत बावीस मिलिमीटर सरकेल.

मी वही उघडून शेजारी धरली. वहीतलं गणित सोळा सांगत होतं. बावीस आणि सोळा यांत फार अंतर आहे. लोखंडाच्या बाबतीत ते सहा मिलिमीटर म्हणजे गाव ओलांडून पलीकडं जाणं. मशीनचं मन शुद्धीवर आलंय की अजून भ्रमात आहे? मी पुन्हा मोजलं. बावीस. कागदावर लिहिलं: बावीस. घडी घातली नाही, तसाच साहेबांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, त्यांच्याही वहीत सोळा लिहिलेलं मला दिसलं. कागद त्यांनी त्याच पानात ठेवला.

दीडला गाड्या थांबल्या. गँगनं रूळ मधोमध कापला आणि वीतभर तुकडा काढून फट केली. एका बाजूच्या शंभर पावलांतल्या, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या सगळ्या क्लिपा काढल्या, रूळ उचलून लोखंडी रोलरांवर ठेवला, आणि लाकडी हातोडे घेऊन दोघं-तिघं त्याला ठोकत निघाले. ठोकण्यात जोर नव्हता. झोपलेल्या बैलाला उठवावं तसं ते ठोकत होते. साहेबांनी आधीच रुळावर आणि खालच्या स्लीपरवर खडूनं एक सरळ रेघ ओढली होती. रेघ तुटायला लागली. वरची पुढं निघाली, खालची जागेवर. डोळ्यानं दिसावं असं ते चालणं नव्हतं, पण दर वेळी नजर परत आणली की जास्त तुटलेली असायची. मग थांबली. ठोकलं तरी हलेना.

साहेब गुडघ्यावर बसले. खिशातून स्टीलची पट्टी काढली. दोनदा मोजलं. मामांना बोलावलं, मामांनी आपला जाड काचांचा चष्मा लावून मोजलं.

"एकवीस," मामा म्हणाले.

"एकवीस," साहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "तुमच्यापेक्षा एक कमी. आणि माझ्यापेक्षा पाच जास्त. हे पाच आले कुठून?"

मामा खाली बघत होते. "साहेब, माघात इथं एक रूळ बदलला होता आमी. भल्या पहाटं, थंडीत. परत मोकळा करायचा व्हता, राहून गेलं. वहीत नाय ते."

थंडीत आखडलेला रूळ तसाच आवळून ठेवलेला, म्हणून उन्हात त्याला इतरांपेक्षा जास्त दाब. वहीला ते माहीत नव्हतं. मशीनला आवाजावरून कळलं. मी सोळा म्हटलं असतं तर तिथल्या तिथं तोंडावर पडले असते, आणि त्याहून वाईट म्हणजे, रूळ कापून बघायचा नसता तर थाप पचली असती आणि तो दाब तसाच आत राहिला असता, वैशाख-ज्येष्ठाच्या दुपारी, गाड्यांखाली. हे मला त्या क्षणी कळलं आणि घाम फुटला. उन्हाचा नव्हे.

साहेब मामांवर रागावले नाहीत. वहीत नोंद घ्यायला लावली. मग मला म्हणाले, "अहवाल लिहून द्या. तुकड्याचं काय झालं तेही लिहा." मी तिथंच खडीवर बसून लिहिला. सहा ओळी. त्यांनी पान उलटून पाहिलं, मागं काही आहे का म्हणून.

"एवढंच?"

"एवढंच झालं."

त्यांनी खाली सही केली, आणि सहीच्या वर दोन शब्द लिहिले: वापरण्यास योग्य. फट भरून जोड लावून क्लिपा बसेपर्यंत साडेतीन वाजत आले. पहिली गाडी सावकाश गेली, आम्ही सगळे बाजूला उभे. इंजिनातल्या माणसानं हात केला. गुबगुबीतानं तांब्या भरून आणला, मी तो उभ्यानं रिकामा केला. एवढं गोड पाणी मी कधी प्यायले नव्हते.

आता मशीनला जावयासाठी वेगळा थर्मामीटर आणि वेगळी वायर आहे, आणि ती जोडल्याशिवाय पडदा उजळतच नाही. दर आठवड्याला मी एका नव्या गँगबरोबर असते. परवा लासूरच्या पुढं होते. तिथल्या मुकादमानं मला नीट न्याहाळलं.

"पडेगावला ते झालं त्या मॅडम तुमीच का? रूळ कापला आन सापासारखा सळसळत हातभर बाहेर आला म्हनं. साहेबांची टोपी उडाली म्हनं."

"कोण म्हणालं?"

"तिथले मुकादम. लगनात भेटले व्हते. लोकं जेवन सोडून ऐकत व्हती."

मी रुळावर मलम लावत होते. "एकवीस मिलिमीटर," मी म्हणाले. "आणि साहेबांना टोपी नव्हती."

तो थोडा वेळ उभा राहिला, आणखी काहीतरी येईल म्हणून. मग आपल्या माणसांकडं गेला. मॅडम कामाच्या बऱ्या दिसतात, पण बोलायला लई कोरड्या, असं तो त्यांना हळू आवाजात सांगत होता.